खुणांची वही

आमच्या बँकेच्या पायरीवर दर गुरुवारी परिपत्रकाचं वाचन व्हायचं. गुरुवार बाजाराचा. दहाच्या सुमाराला देवळालीकडच्या जीपा यायच्या, बायका टोपल्या-पिशव्या बाजारतळावर टेकवून बँकेकडे वळायच्या, आणि पायरीशेजारच्या लाकडी बाकावर साहेब आधीच येऊन बसलेले असायचे. मांडीवर फाइल, समोर आठ-दहा बायका, दोन-चार म्हातारे, कधी दोरीला धरून आणलेली एखादी शेळीसुद्धा. साहेब खाकरायचे. "वरून काय आलंय ते ऐका," म्हणायचे.

खरं तर तेव्हा ते बँकेचे कुणीच नव्हते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. निरोपाच्या दिवशी आम्ही शाल-नारळ दिला, तो त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि काउंटरवरचं सुतळी बांधलेलं पेन मागून घेतलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाने नेऊ नये म्हणून आयुष्यभर मी ह्याला बांधून ठेवलं. आता ह्याने मला बांधावं." तेव्हापासून ते पेन त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लोंबायचं. लग्नालासुद्धा ते पेन घेऊनच जायचे. एकदा वाढप्याच्या पळीत अडकून सुतळी आमटीत बुडाली, तर त्यांनी ती पिळून पुन्हा बटणाला लावली आणि जेवण चालू ठेवलं.

परिपत्रक ते आधी जसंच्या तसं वाचत. मग चष्मा कपाळावर चढवून अर्थ सांगत.

"'ग्राहकाने आपली ओळख विहित मुदतीत अद्ययावत करणे अनिवार्य आहे.' म्हणजे काय? म्हणजे तू तूच आहेस, हे तू दर काही वर्षांनी येऊन सिद्ध करायचं."

"आन् न्हाई केलं तर?" एखादी विचारी.

"तर तू तू नाहीस."

"मंग म्हशीची धार काय सरकार काढनार का?"

बायका खिदळत. साहेब हसत नसत. ते टाचण काढत. वाचन संपलं की तिथल्या तिथे पोस्टकार्डावर 'हरकत' लिहायची, हा त्यांचा नेम होता. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. खाली सहीच्या वर नेहमी एकच ओळ: 'ज्याच्यासाठी हा नियम केलेला नाही, पण ज्याच्यावर तो आहे, असा आपला एक नागरिक.' ह्या पोस्टकार्डांना उत्तर कधी आलं नाही. तरी दर सोमवारी ते पोस्टात जाऊन विचारायचे. पोस्टमास्तर दुरूनच मान हलवायचे, आणि साहेब "काही हरकत नाही," म्हणून परतायचे.

मी त्यांच्या हाताखाली बँकेत लागलो. सही कशी बघायची, हे त्यांनी मला शिकवलं. "सही बघू नको, सही करणाऱ्याकडे बघ. खोटी सही करणारा कागदाकडे बघतो, खरी करणारा तुझ्याकडे." बाईने खात्याचं नाव सांगितलं की ते कागद मागायच्या आधी विचारायचे, "तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?" हा प्रश्न ऐकून शंभरातल्या शंभर बायका हसत आणि सांगत. त्या सांगण्याच्या सुरावरून साहेबांना ओळख पटायची. आता मोबाईलवर आकडे येतात. तेव्हा आईचं माहेर यायचं.

मी बोलका माणूस नाही. युनियनचा सेक्रेटरी असूनही सभेत माझं भाषण दोन मिनिटांवर जात नाही. साहेबांबद्दल लिहा, असं त्यांच्या मुलाने मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मी "लिहितो" म्हणून टाळलं. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर वहीबद्दल लिहावं लागतं. आणि त्या वहीचं काय झालं, हे खरं मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता सांगतो.

ती साधी लांबट, पुठ्ठ्याची वही होती. साहेब तिला खुणांची वही म्हणत. बँकेच्या कामात तिला कुठेच जागा नव्हती. पण आमच्याकडच्या बायकांची नावं हा एक वेगळाच कारभार आहे. माहेरी एक नाव, सासरी दुसरं; लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर लिहिलेलं तिसरंच. पासबुक निघालं तेव्हा भावाने सांगितलेलं नाव लागलं, आधार निघालं तेव्हा दिराने सांगितलेलं. केवायसीचा नियम आला आणि ह्या सगळ्याजणींची खाती एकेक करून अडकायला लागली. तेव्हा साहेबांनी ती वही सुरू केली. कोण कुठली, कागदावर काय, खरी कोण, हे त्यात लिहिलेलं असायचं.

'पारूबाई. आधारावर पार्वती, पासबुकावर प्रमिला. सही करायच्या आधी पेनाला नमस्कार करते.'

'सखूबाई दोन आहेत. एकीला ऐकू येत नाही. दुसरीला येतं, पण ती दाखवत नाही. खातं दुसरीचं.'

'राधाबाई. आडनाव विचारलं की माहेरचं सांगते. म्हणजे घरी भांडण चालू. मिटलं की सासरचं सांगते. दोन्ही बरोबर.'

'अंगठा डावा घ्यावा. उजवा कडबाकुट्टीत गेला. कसा गेला हे विचारू नये.'

एखादीचा फॉर्म परत आला की साहेब वहीतली खूण बघून, पेनाने योग्य तो रकाना दुरुस्त करून, शेजारी कुणाची ओळख लागेल ते सांगून, फॉर्म पुन्हा आत पाठवायचे. आत मी असायचो. मी तो घ्यायचो. शंभर टक्के नियमात बसत होतं असं नाही. पण त्या बाकामुळे आमच्या शाखेत कुणाचं खातं अडून राहिलं नाही, हेही खरं.

साहेब मला नावाने कधी हाक मारत नसत. 'सेक्रेटरी' म्हणत. युनियन डाव्या विचारांची होती, मीही होतो. साहेबांना त्यावरून मला डिवचायला आवडायचं.

"सेक्रेटरी, मीसुद्धा एकेकाळी तुमचा झेंडा शिवून आणलाय. शिंप्याकडे लाल कापड नव्हतं, म्हणून बायकोचं लुगडं दिलं. मोर्च्यात झेंड्याला जरीचा काठ होता. पोलिसांनी आधी वाट करून दिली, त्यांना वाटलं कुठली पालखीच चाललीय."

"मग सोडलं का, साहेब?"

"सोडलं नाही. तुम्ही लोक पुढे गेलात, मी तिथेच उभा राहिलो."

नियमांवरचा त्यांचा राग समजून घ्यायला मला बराच काळ लागला. नियम नकोत असं ते कधीच म्हणाले नाहीत. बुडालेल्या पतसंस्थांपुढे ऊर बडवणारी माणसं त्यांनी पाहिली होती. ते म्हणत, "हिवरे बाजारला ग्रामसभेत नियम ठरतो. कारण ज्याला तो पाळायचाय, तो समोर सतरंजीवर बसलेला असतो. आपला नियम करणाऱ्याने आपली सतरंजी बघितलेली नाही. बुडवणारे मोठे, त्यांना सापडत नाहीत. म्हणून मग पारूबाईला विचारतात, तू कोण." शिंगणापूरला दर्शनाला जाऊन आले की हमखास म्हणायचे, "तिथे घराला दार नाही. इथे खात्याला चार दारं, आणि चारही आतून बंद."

पुढे निवडणूक आली, तेव्हा ज्यांचं सरकार होतं त्याच पक्षाने आमच्या भागात चळवळीतले लोक उमेदवार म्हणून उचलले. गरीब माणूस आपल्यापासून दूर चाललाय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. आमच्याकडे तिकीट मिळालं ते आमच्या युनियनच्या जुन्या पुढाऱ्याला. आम्ही त्याला कॉम्रेड म्हणायचो. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा, सच्चा माणूस. युनियनच्या खोलीत सतरंजीवर झोपणारा. मी त्याच्या प्रचारात मनापासून होतो.

साहेबांनी एकच विचारलं. "ह्या केवायसीच्या नियमाविरुद्ध तुझ्या कॉम्रेडने आपल्याच पायरीवर घोषणा दिल्या होत्या ना?"

"दिल्या होत्या."

"आणि आता नियम करणाऱ्यांच्याच तिकिटावर उभा आहे. मग नियम चांगला झाला, की तिकीट?"

"आत जाऊनच बदल करता येतो, साहेब."

"येतो ना. पण आत जाताना दारात चपला काढतात तशी जीभ पण काढून ठेवायला लावतात." मग म्हणाले, "उजव्या माणसाचा मला राग येत नाही, सेक्रेटरी. त्याने मला कधी काही कबूल केलेलं नसतं. डाव्याने केलेलं असतं."

बाजारतळावर कॉम्रेडची सभा झाली. भर बाजार, लोक टोपल्यांवरच बसलेले. कॉम्रेड चांगला बोलला. बँक जनतेची आहे, कष्टकऱ्याला मानाने वागवणारी बँक आम्ही आणू, असं म्हणाला. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या संपता संपता साहेब उठून उभे राहिले. हातात केवायसीचा कोरा फॉर्म.

"एक शंका आहे," म्हणाले. "एवढा एक फॉर्म इथेच भरून दाखवता का? तुमच्या मातोश्रींचा."

कॉम्रेड हसला. "द्या की."

फॉर्म हातोहात स्टेजवर गेला. माईक चालू होता. कॉम्रेडने लिहायला घेतलं. "नाव... गयाबाई."

"पासबुकावर काय आहे?"

कॉम्रेड थांबला. "गयाबाईच असणार."

"पासबुकावर गंगूबाई आहे. रेशनकार्डावर गंगासागर. आधारावर गयाबाई. तुमच्या सरकारच्या नियमाने तुमची आई तीन बायका आहे, कॉम्रेड. तिघींपैकी कुणाचं खातं चालू ठेवायचं?"

सगळा बाजार हसला. कांद्याच्या गोण्यांवरून कुणीतरी ओरडलं, "आवो, तिघींनी मत दिलं तर तुमचंच भलं हाय की!" दुसरा म्हणाला, "कॉम्रेड, आईला फोन लावा, फोन!" कॉम्रेडही हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावरच वाळून गेलं. स्टेजच्या बाजूला बायकांमध्ये गयाबाई स्वतः बसली होती. तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. ते मी पाहिलं. साहेबांनी पाहिलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

मला साहेबांचा राग आला होता. अभिमानही वाटला होता. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांना मोतीबिंदूसाठी नगरला जायचं होतं. जाताना बँकेत आले, शर्टाच्या आतून वही काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ह्या गुरुवारी बाकावर मी नाही. परत आलेले फॉर्म आहेत सात-आठ. तू बघून घे. बायकांना नुसतं आत-बाहेर करायला लावू नको." दारापर्यंत जाऊन वळले. "वाच. पण मोठ्याने वाचू नको."

त्या गुरुवारी मी सगळे फॉर्म बघितले. एकही बाई परत गेली नाही. दुपारी युनियनच्या खोलीवर गेलो, वही पिशवीतच होती. कॉम्रेड एकटा बसला होता. चहा सांगितला. मग म्हणाला, "तुझ्या गुरूने माझ्या आईला भर बाजारात उभं केलं. घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला म्हणते, तू माझं नाव बाजारात का काढलंस. मी काढलं?"

बरोबर होतं त्याचं.

"त्यांना ही माहिती मिळते कुठून?" त्याने विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. जन्मभर मी गप्पच बसत आलोय. एवढ्या एका वेळी बसलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. पण चहा प्यायलेला, जुना मित्र समोर, आणि मला काहीतरी ठाऊक आहे जे त्याला नाही, ह्याची एक हलकी गुर्मी. मी म्हणालो, "त्यांची एक वहीच आहे." आणि पिशवीतून काढून दाखवली.

त्याने चार पानं चाळली. राधाबाईची खूण वाचून हसलाही. म्हणाला, "राहू दे दोन दिवस माझ्याकडे. फक्त बघतो."

मी ठेवली. त्याने हिसकावली नाही, मला फसवलं नाही, धमकावलं नाही. मी ठेवली. कदाचित मला साहेबांना थोडा धडा मिळावा असं वाटत असेल. एवढ्या वर्षांत ह्या 'कदाचित'च्या पलीकडे मी गेलो नव्हतो. आज जातो: मला तसंच वाटत होतं.

रविवारी त्याच बाजारतळावर दुसरी सभा झाली. बाजाराचा दिवस नव्हता, पण सभेची गर्दी बघून पाटीवाले, टेम्पोवाले येऊन बसले होते. कॉम्रेडच्या आधी जिल्ह्याहून आलेला एक वक्ता बोलायला उभा राहिला. मी माईकवाल्याशेजारी उभा होतो. वक्ता म्हणाला, "बँकेचे नियम कडक केले म्हणून काही लोक आमच्यावर टीका करतात. अरे, नियम नसले की काय होतं ते बघा! तुमच्या आयाबहिणींच्या खुणा एक रिटायर माणूस वहीत लिहून ठेवतो!" आणि त्याने खिशातून वही काढली.

त्याने तीन खुणा वाचल्या. पहिल्या दोहोंवर लोक हसले. तिसरी इंदूबाईची होती.

'इंदूबाई. नवऱ्याला सोडून भावाकडे. भाऊ बरोबर आला तर पासबुक काढू नये, नुसतं आज काम नाही म्हणावं. तिला कळतं.'

कुणी हसलं नाही. तळावर एकाच वेळी पाच-पन्नास माना वळल्या. इंदूबाई लसणाच्या पाटीमागे बसली होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर तिचा भाऊ टेम्पोतून टरबुजं उतरवत होता. भावाने हातातलं टरबूज खाली ठेवलं. इंदूबाईने पाटीवर फडकं टाकलं.

मी कॉम्रेडकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मीही माझ्या चपलांकडे बघितलं. दोघांपैकी एकानेही माईक काढून घेतला नाही. तो माझ्या हातभर अंतरावर होता.

इंदूबाईच्या भावाने तिला मारलं-बिरलं नाही. अंगणात बसून, शेजारपाजारचे ऐकतील अशा आवाजात एवढंच म्हणाला, "माझ्या ताटात जेवती आन् माझ्यापासूनच चोरती." तिने त्याच संध्याकाळी बोचकं बांधलं. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याची एक खोली घेतली. अजून तिथेच राहते.

साहेब बुधवारी परतले, डोळ्यावर हिरवी पट्टी. बातमी त्यांना एसटी स्टँडवरच कळली होती. सरळ बँकेत आले. मी उभा राहिलो.

"वही?"

"साहेब, टेबलावर होती. कुणीतरी नेली."

त्यांनी एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. सही करणाऱ्याकडे बघायचं असतं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी टेबलावरच्या कागदाकडे बघत होतो.

"बरं," म्हणाले.

आणि त्या दिवसापासून जो कुणी विचारेल त्याला ते सांगायला लागले, "नगरच्या दवाखान्यात माझ्याकडून हरवली. म्हातारपणी भान राहत नाही." बायकांना, पोस्टमास्तरांना, चहावाल्याला, स्वतःच्या मुलाला. मी चार वेळा त्यांना हे सांगताना शेजारी उभा राहून ऐकलं. चारही वेळा मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, साहेबांचं वय झालं म्हणून ह्याला वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. साहेब बाकावर येऊन बसले. बाक रिकामा. देवळालीच्या बायका आल्या, त्यांना बघून पलीकडच्या पायरीने आत गेल्या. पारूबाई तेवढी थबकली. साहेब म्हणाले, "ये गं." ती म्हणाली, "न्हाई सायेब, आज घाई हाय." आणि पेनाला नमस्कार करणारे ते हात पदराखाली घेऊन निघून गेली. त्यांनी आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. काहीतरी लिहिलंय, एवढंच ठाऊक होतं.

पंधरा दिवसांत मुख्य कार्यालयातून पत्र आलं. शाखेच्या आवारात बाहेरील व्यक्तीने बसू नये, ग्राहकांची कागदपत्रं हाताळू नयेत. सूचना फलकावर लावायची होती आणि त्या दिवशी शाखेचा चार्ज माझ्याकडे होता. मी सही करून लावली. साहेब आले, चष्मा लावून फलकापुढे उभे राहिले. मग नेहमीसारखं खाकरले.

"वरून काय आलंय ते ऐका."

ऐकायला आमचा शिपाई होता फक्त, झाडू हातात घेतलेला. साहेबांनी ती सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा कपाळावर चढवून अर्थ सांगितला. "'बाहेरील व्यक्ती' म्हणजे मी. 'आवार' म्हणजे हा बाक. भाषा चांगली आहे, ह्या वेळी काही अवघड नाही. खाली आपल्या सेक्रेटरीची सही आहे, म्हणजे खरं आहे."

त्या वाचनानंतर मात्र त्यांनी हरकत लिहिली नाही.

कॉम्रेड निवडणुकीत पडला. माझं त्याच्याशी बोलणं आहे, पण त्या रविवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. साहेब माझ्याशी अगदी पूर्वीसारखेच वागले. ते वाईट वागले असते तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी फिरताना भेटायचे, "काय सेक्रेटरी, क्रांती कुठवर आली?" विचारायचे. परिपत्रकं आता मोबाईलवर वाचायचे, आणि वाचता वाचता सवयीने समोर बघायचे.

एकदाच, फक्त एकदाच, बोलता बोलता म्हणाले, "गयाबाईला आधी मी बाजारात उभं केलं होतं. मला वाटलं मी नियमावर बोलतोय. ती बिचारी पदर ओढून बसलेली मला दिसली, तोवर मी बोलून चुकलो होतो." तेव्हा मी म्हणायला हवं होतं की साहेब, वही मी दिली. ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "थंडी पडायला लागली, नाही?"

"हो," म्हणाले. "मफलर घालत जा."

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा ते आजारी होते. मी भेटायला गेलो. उशाला पेपर होता. हसून म्हणाले, "बघ, सेक्रेटरी. अख्ख्या जिल्ह्याने नाव बदललं, त्याला कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. आणि पारूबाईला..." खोकला आला, वाक्य तिथेच राहिलं. मी पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि दमून डोळे मिटले. मी तासभर बसलो. वहीचं सांगितलं नाही. ते गेल्या वर्षी गेले. शोकसभेत मी दोन मिनिटं बोललो, त्यांच्या अक्षरावर.

आता केवायसीची पुन्हा एक फेरी आली आहे. परवाच्या गुरुवारी इंदूबाई माझ्या काउंटरवर आली. ती एरवीही माझ्याकडेच येते, कारण मी काही विचारत नाही. केस पांढरे झालेत, आवाज तसाच खणखणीत. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पिशवीला गाठ. गाठ सोडता सोडता म्हणाली, "परत तेच का वो? मागल्या बारीला दिलं हुतं की समदं."

मागे रांग नव्हती. आणि मी बोललो. का त्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही.

"इंदूबाई, ती वही साहेबांनी हरवली नव्हती. मी दिली होती. कॉम्रेडला. माझ्या हाताने."

तिचे हात गाठीवर थांबले.

"कवा?"

"साहेब दवाखान्यात होते तेव्हा."

"सायबांना ठावं हुतं?"

"त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. पण त्यांना कळलं होतं."

"आन् तरी बी म्हनायचे, माझ्याकडूनच हरवली?"

"हो."

ती काउंटरच्या काचेकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही.

"दर बाजाराला यायचे वो," ती म्हणाली. "माझ्या पाटीम्होरं थांबायचे. लसूण घ्यायचा नसायचा, उगा कुड्या चिवडत उभं ऱ्हायाचे. मी तोंड फिरवायचे. एकदा म्हनले, इंदूबाई, बरी हाईस ना? मी म्हनलं, म्होरं सरका, गिऱ्हाईक हाय." तिचा आवाज चढला नाही. "गेले तवा बी गेले न्हाई मी. समदी बाजाराची मानसं गेली. मी पाटी मांडून बसले."

"माझी चूक झाली, इंदूबाई. मला माफ करा."

"व्हय, झाली," ती म्हणाली. "घर सुटलं त्याचं मला काय न्हाई. ते सुटायचंच हुतं. पर ते जिते हुते तवा सांगितलं असतंत, तर मी बोलले असते त्येंच्याशी. आता ह्ये घिऊन मी काय करू?"

सवयीने मी हात पुढे केला. "द्या कागद. मी भरतो."

तिने अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा आवळली. पिशवी उचलली आणि पलीकडच्या काउंटरवर जाऊन उभी राहिली. तिथे नगरहून गेल्याच महिन्यात बदलून आलेली मुलगी बसते. तिला इथलं कुणी ठाऊक नाही.

"नाव?" मुलीने विचारलं.

इंदूबाईने पूर्ण नाव सांगितलं, कार्डावर आहे तसं, एकेक शब्द सुटा करून. मुलीने कार्डाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं, आणि बाकी काही न विचारता शिक्का मारला.